लाल कोळी बघायला कोणतं भिंग घ्यावं? चार वर्षांत तीन भिंगं वापरून

लाल कोळी म्हणजे पानाच्या खालच्या बाजूला राहून रस पिणारी, नुसत्या डोळ्यांना धुळीसारखी वाटणारी बारीक कीड. आधी निकाल सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण पॉलिहाऊसमध्ये उभे राहून वाचत असतील. गुलाब, जरबेरा, ढोबळी मिरची, वांगी, द्राक्ष, यांपैकी काहीही असेल तर 10 पटीचं तीन काचांचं घडीचं भिंग घ्या. दागिनेवाले हिरा बघायला वापरतात तेच. मला पुण्यात रविवार पेठेत साडेआठशेला मिळालं. त्याच्या आधी दोन स्वस्त भिंगांवर पैसे घालवले, त्यातलं एक पूर्ण वाया गेलं आणि एकाचा थोडासा उपयोग होतो. तिन्हींबद्दल लिहिते.

आमचं मावळात वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. सगळा डच गुलाब, टॉप सीक्रेट नावाच्या जातीचा. आठवड्यातून तीनदा माल पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात जातो आणि जानेवारीअखेर ते दहा फेब्रुवारी हे आमचं वर्षाचं पीक, कारण व्हॅलेंटाइनचा भाव तेव्हाच लागतो. त्यासाठी डिसेंबरातच कटिंगचं गणित बसवावं लागतं.

2022 च्या जानेवारीत रस्त्याकडच्या चार बेडवर पानं फिकट दिसायला लागली. जवळून बघितलं तर पानावर सुई टोचल्यासारखे बारीक पांढरट ठिपके. मी दोन पानं पिशवीत घालून तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं काउंटरवरूनच पान वरच्या बाजूनं बघितलं, उलटं करून बघितलं नाही, आणि म्हणाला, "ताई, थ्रिप्स आहे." म्हणजे फुलकिडे. कीटकनाशकाच्या दोन बाटल्या दिल्या, एक इमिडाक्लोप्रिड आणि एक सिंथेटिक पायरेथ्रॉइड. आम्ही दोन फवारण्या घेतल्या. दहाव्या दिवशी सकाळी कळ्यांवर दहिवरासारखी जाळी चमकत होती. त्या चार बेडचे बारा झाले होते.

तो हंगाम कसा गेला ते लिहीत बसत नाही. साठ सेंटीमीटरची काडी असूनही पानं तांबूस पडली म्हणून माल दुय्यम प्रतीत गेला, एवढं पुरे. पण त्याच आठवड्यात मी तळेगावला एका सरांकडं गेले, जे पॉलिहाऊसवाल्यांना प्रशिक्षण देतात. त्यांनी खिशातून घडीचं भिंग काढलं, पान उलटं केलं, दोन सेकंद बघितलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "बघा तुम्हीच."

मी बघितलं. पानाच्या मधल्या शिरेच्या कडेला, धाग्यांच्या जाळीत, पिवळसर हिरवे थेंब चालत होते. प्रत्येकाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग. पाय मोजता येत होते, आठ. आजूबाजूला काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी. नुसत्या डोळ्यांना ही सगळी धूळ वाटत होती.

हाच लाल कोळी, रंग पिवळसर हिरवा असला तरी नाव तेच. आठ पाय म्हणजे तो कीटकच नाही. कोळी म्हणतो तो नावापुरता नाही, खरोखर जाळी विणणाऱ्या कोळ्याच्या आणि विंचवाच्या नात्यातला आहे. गोचीडही त्याच घराण्यातली. असे बारीक कोळी आणि गोचिडी यांचा अभ्यास करणारं वेगळं शास्त्र आहे, अकॅरोलॉजी, आणि त्यात आजवर पन्नास हजारांवर जाती नोंदल्या गेल्यात. आमच्या गुलाबावरच्या या दोन ठिपक्यांच्या कोळ्याला 1836 मध्ये कोख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं टेट्रानिकस अर्टिकी हे नाव दिलं. कीटकांसाठी बनवलेलं प्रत्येक औषध त्याच्यावर चालेल असं नाही. इमिडाक्लोप्रिड त्याच्यावर चालत नाही. आणि पायरेथ्रॉइडनं काय होतं, तर त्याला खाणारे मित्रकीटक आधी मरतात, हा मागं राहतो आणि मोकळ्या रानात वाढतो. म्हणजे मी पैसे देऊन कोळी वाढवला होता. तेव्हापासून भिंगाशिवाय मी बेडवर जात नाही.

आता भिंगांकडं येते.

पहिलं घेतलं ते ऑनलाइन, तीनशे दहा रुपयांचं. चकचकीत, घडीचं, वर ठसठशीत '30x' कोरलेलं. मला वाटलं सरांकडं दहा पटीचं आहे, मग तीस पटीचं किती छान दिसेल. दिसलं उलटंच. कोळी त्यांच्या भिंगात दिसला तेवढाच मोठा, शिवाय कडेला निळी-तांबडी झालर, आणि मधला वाटाण्याएवढा भाग सोडला तर सगळं धुरकट. आधी वाटलं मलाच बघता येत नाही. मग भाच्यानं, तो अकरावी सायन्सला होता, एक उपाय सांगितला. भिंग उन्हात धरायचं, खाली कागद ठेवायचा, उन्हाचा ठिपका सगळ्यात बारीक होईल तिथं भिंग ते कागद अंतर पट्टीनं मोजायचं. 250 ला त्या अंतराच्या मिलिमीटरनं भागलं की साधारण किती पट ते येतं. आमचं अंतर निघालं 25 मिलिमीटर. म्हणजे दहा पट. तीस पटीचं असतं तर ठिपका आठ मिलिमीटरवरच पडायला हवा होता, आणि एवढ्या जवळ धरायची भिंगाची काच हरभऱ्याएवढी लागते, रुपयाच्या नाण्याएवढी नाही. (कागद लगेच जळतो, पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. आणि भिंगातून सूर्याकडं चुकूनही बघू नका.)

तेव्हापासून मी कुणालाही सांगते, दुकानात उभं राहून हा प्रयोग करा. काच मोठी आणि आकडा मोठा, दोन्ही एकत्र लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे.

दुसरं होतं '60x' लिहिलेलं, दिवा असलेलं, बॅटरीवर चालणारं छोटं प्लास्टिकचं यंत्र. अडीचशे रुपये. याला मी पूर्ण वाईट म्हणणार नाही. टेबलावर पान सपाट ठेवलं, वर हे टेकवलं आणि चाकानं फोकस केला की कोळ्याची अंडी सुंदर दिसतात. उबायच्या आधी अंड्यात पिल्लाच्या डोळ्यांचे दोन लाल ठिपके दिसतात ते मी पहिल्यांदा यातच बघितलं. पण बेडमध्ये उभं राहून, एका हातात वाकवलेली फांदी धरून, हलत्या पानावर हे जमत नाही. दिसणारा भाग तिळाएवढा, त्यात चालणारा कोळी क्षणात बाहेर जातो. शिवाय सहा महिन्यांत बॅटरीच्या पत्र्याला गंज चढला, कारण पॉलिहाऊसमधली ओल त्याला सोसत नाही. घरी टेबलावर बसून शिकायला ठीक. शाळेतल्या मुलांना जरूर द्या.

तिसरं सरांसारखं. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला घड्याळाची आणि सोनारकामाची हत्यारं विकणारी दुकानं आहेत, तिथं मिळालं. दुकानदारानं तीन भिंगं समोर ठेवली, आलेख कागदाचा तुकडा दिला आणि म्हणाला, "ताई, चौकटींच्या कडेच्या रेषा वाकलेल्या दिसतात का ते बघा." एकाच भिंगात रेषा कडेपर्यंत सरळ होत्या आणि रंगाची झालर नव्हती. तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात म्हणून असं होतं, असं त्यानं समजावलं. गिऱ्हाइकाला असं बघायला लावणारा दुकानदार मला फार आवडतो. त्याच्याकडं वीस पटीचंही होतं, चौदाशेला. ते मी हातात घेऊन बघितलं आणि परत ठेवलं. वीस पटीला पान भिंगापासून जेमतेम सव्वा सेंटीमीटरवर आणावं लागतं, उजेड कमी पडतो, आणि मान अवघडते. दोनशे पानं बघायची असतील तर दहा पटच बरी. मादी अर्धा मिलिमीटरची असते, दहा पटीत ती पाच मिलिमीटरची दिसते, ज्वारीच्या दाण्याएवढी. त्याहून काय हवं?

चार वर्षं झाली, स्क्रू एकदा आवळला, बाकी काही नाही. पाचपैकी पाच द्यायला हरकत नव्हती, पण सोबत आलेली रेक्झिनची पिशवी दोन महिन्यांत फाटली आणि दोरी ओवायचं कडं इतकं बारीक आहे की सुतळी जात नाही. अर्धा गुण त्याचा कापते.

हे भिंग धरायचं कसं, ते सांगितल्याशिवाय विकत घेऊन उपयोग नाही. आपण सगळे भिंग पानाजवळ नेतो आणि लांबून बघतो. तसं नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं, तो हात गालाला टेकवायचा, आणि दुसऱ्या हातानं पान भिंगाकडं आणायचं, स्पष्ट दिसेपर्यंत. चष्मा असेल तर काढून बघा, नाहीतर चष्म्याला चिकटवा. पाठ उजेडाकडं नको, उजेड बाजूनं पानावर पडला पाहिजे. दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय केली तर डोकं दुखत नाही. पहिले दोन दिवस काही दिसत नाही. मग एकदम दिसायला लागतं.

आणि पान खालच्या बाजूनं बघायचं. गुलाबात सगळ्यात आधी बेंडिंगमधल्या पानांवर, म्हणजे वाकवून ठेवलेल्या फांद्यांवर. तिथं सावली, पाणी पोचत नाही, फवारा पोचत नाही. वरच्या पानावर जाळी दिसली याचा अर्थ खाली गर्दी होऊन जागा उरली नाही. आम्ही आता दर सोमवारी प्रत्येक बेडमागं पाच पानं बघतो, रस्त्याकडच्या आणि दाराजवळच्या बेडची दहा, कारण धूळ बसते तिथून कोळी सुरू होतो हे आमच्याकडं दरवर्षी दिसलंय. वहीत तीन रकाने आहेत: अंडी, चालणारे, मित्र.

मित्र हा रकाना या भिंगाची खरी कमाई आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

लाल कोळ्यांच्या गर्दीत कधीकधी एक वेगळा दिसतो. नासपतीच्या आकाराचा, पारदर्शक, फिकट केशरी, अंगावर डाग नाहीत, चमक आहे. लाल कोळी सुस्त असतो, पान हलवलं तरी जागेवरून फारसा हलत नाही. हा मात्र थांबत नाही, पुढचे दोन पाय हवेत चाचपत पळत असतो. त्याचं अंडं गोल नसतं, लांबट असतं, आणि लाल कोळ्याच्या अंड्याहून मोठं. तो लाल कोळ्याला खाणारा कोळी, परभक्षी. आपल्या देशात निओसेयूलस लाँजिस्पायनोसस हा त्यातला बराच अभ्यासलेला. मी एकदा त्याला लाल कोळ्याचं अंडं खाताना बघितलं. अंड्याजवळ आला, थांबला, तोंड टेकवलं, आणि तो मणी हळूहळू चपटा होत गेला. शेवटी सुरकुतलेलं टरफल राहिलं. दोनेक मिनिटं मी श्वाससुद्धा हळू घेत होते, भिंगावर वाफ धरू नये म्हणून. आमच्याकडं काम करणाऱ्या मावशींना हाक मारून दाखवलं. त्या बघून म्हणाल्या, "आगं बया, हा तर आपला गडी हाय." तेव्हापासून आमच्याकडं त्याचं नाव गडी. सोमवारी वहीत 'गडी' असंच लिहितो.

एक काळा चकचकीत भुंगेराही दिसतो, मोहरीच्या दाण्याहून लहान. तोही कोळीच खातो. स्टेथोरस नाव त्याचं, ढालकिड्यांच्या कुळातला.

ज्या बेडवर दर दोन पानांमागं एखादा गडी दिसतो आणि जाळी नाही, तिथं मी आता फवारत नाही. पाण्याचा फवारा पानाच्या खालून मारतो, दुपारी आत ओलावा राहील असं बघतो. कोळ्याला कोरडी उष्ण हवा लागते, ओलावा त्याला मानवत नाही. (फार ओलावा ठेवला की भुरी नाहीतर डाउनी, म्हणजे बुरशीचा रोग येतो, हे गुलाबवाल्यांना सांगायला नको. सकाळी फवारा, संध्याकाळपर्यंत पान कोरडं, हा आमचा नेम.) गेल्या हंगामात कोळीनाशकाच्या फवारण्या आमच्या दोनवर आल्या. 2022 ला सात झाल्या होत्या.

औषध घ्यायची वेळ येतेच, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात हमखास. तीस अंशाच्या आसपास याचं अंड्यापासून प्रौढापर्यंतचं चक्र आठवड्याभरात पुरं होतं, वीस अंशाला त्यालाच दोन आठवड्यांहून जास्त लागतात. मादी शंभरेक अंडी घालते. शिवाय नराशी संबंध न येता घातलेल्या अंड्यांतून नर जन्मतात, म्हणजे एकटी मादी वाचली तरी तिच्यापासून पुन्हा संसार उभा राहतो. म्हणून फवारणीच्या दिवशी पानावर काय आहे, अंडी की चालणारे, हे बघून औषध ठरवावं लागतं. हेक्झिथायझॉक्स अंडी आणि पिल्लांवर चालतं, प्रौढांना मारत नाही. ते मारून तिसऱ्या दिवशी प्रौढ चालताना दिसले की शेतकरी म्हणतो, औषध बोगस निघालं, आणि वर दुसरं मारतो. भिंग असेल तर दहाव्या दिवशी बघा, अंडी तशीच पडून आहेत, उबलेली नाहीत. अबामेक्टिन उलट, चालणाऱ्यांवर चालतं, अंड्यांवर नाही, म्हणून अंडी उबल्यावर पुन्हा बघणं आलं. आपल्या पिकासाठी शिफारस आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, ते लेबलवर वाचूनच घ्या.

अजून एक. दुकानदार म्हणतो, "मागच्या वेळी फेनाझाक्विन दिलं, आता बदलून फेनपायरॉक्झिमेट देतो." बाटली बदलली, कंपनी बदलली, भाव बदलला. पण दोन्ही एकाच गटातली आहेत, कोळ्याच्या पेशीत एकाच ठिकाणी घाव घालतात. एकाला सरावलेला कोळी दुसऱ्यालाही सरावलेला असण्याचीच शक्यता जास्त. आणि सरावण्यात याचा हात कुणी धरणार नाही. 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी याचा सगळा जनुकसंच वाचला. जेमतेम 9 कोटी अक्षरांचा, माणसाचा 300 कोटींच्या वर. पण त्या एवढ्याशा पोथीत विष पचवायच्या जनुकांची दाटी आहे. हजारावर जातींच्या झाडांचा रस पिऊन जगणारा प्राणी हा, प्रत्येक झाडाचं विष वेगळं, ते पचवत आलाय. आपल्या बाटलीचं त्याला काय. म्हणून मी दुकानात आता गटाचा क्रमांक विचारते. बहुतेक वेळा तिथं माहीत नसतो, तर मोबाइलवर बघून घेते.

फवारल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंगातून बघायचंच. मेलेला कोळी सुकतो, पाय पोटाशी ओढलेले. जिवंत असेल तर पानावर फुंकर मारली की पाय हलवतो. तिसरी अवस्था फसवी आहे. कात टाकायच्या आधी कोळी काही तास न हलता पडून राहतो, पाय आखडून, अंग चांदीसारखं. मेल्यासारखाच दिसतो. तो मेलेला नाही हे ओळखायची एक खूण मला हळूहळू सापडली: अशा पडलेल्या मादीशेजारी एक लहान, मागं निमुळता नर चिकटून बसलेला असतो. ती कात टाकून बाहेर येण्याची वाट बघत. मेलेल्या मादीजवळ कोणी थांबत नाही. हे दृश्य तीन-चार ठिकाणी दिसलं की मी समजते, फवारणी खालपर्यंत पोचलेली नाही, नोझल बघा.

हे भिंग गोठ्यातही चालतं. आमच्या दोन संकरित गाई आहेत. गोचीड काढून पांढऱ्या ताटलीत ठेवली आणि भिंगातून पाय बघितले. पायांवर तपकिरी-पांढरी कडी दिसली तर ती हायलोमा, तिच्यापासून संकरित गाईंना थायलेरिया होतो, ताप आणि मानेच्या गाठी सुजणं. पाय एकरंगी फिकट, अंग लहान आणि तोंड आखूड असेल तर ती दुसरी, ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, जी पिल्लू असल्यापासून एकाच गाईवर तीन आठवडे राहते आणि रक्त पिऊन फुगल्यावर खाली पडून गोठ्याच्या भेगांत दोन-तीन हजार अंडी घालते. लघवी लाल होण्याचा रोग, बॅबेसिया, हिच्यातून येतो. गोचीड रोग पसरवते हे 1893 मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी गाईंवर प्रयोग करून सिद्ध केलं. डासामुळं मलेरिया पसरतो हे कळायच्याही आधीची ही गोष्ट, आणि तिची सुरुवात गुरांच्या गोठ्यातून झाली याचा मला फार अभिमान वाटतो. एवढं कळल्यावर मी गाईच्या अंगावर औषध चोळून थांबत नाही, गोठ्याच्या भिंतीच्या भेगा सिमेंटनं भरून घेतल्या. डॉक्टरांना फोन करताना "पायाला कडी आहेत" एवढं सांगितलं की ते तयारीनं येतात.

काय दिसत नाही तेही सांगते, नाहीतर निराश व्हाल. गादीतल्या धुळीचे कोळी यात शोधू नका. नारळावरचा इरिओफाईड कोळीही नाही. तो पाव मिलिमीटरहून लहान, अळीसारखा, चारच पायांचा, आणि फळाच्या टोपणाखाली दडलेला असतो. माझं माहेर कोकणातलं, तिथल्या नारळांवर त्याचे तपकिरी चट्टे असतात, म्हणून मी हे भिंग घेऊन गेले होते. टोपण उचकटून बघितलं, पांढरी पूड दिसली, ती जिवंत आहे की नाही ते सांगता आलं नाही. त्यासाठी खरं सूक्ष्मदर्शक लागतं. जात ओळखायलाही तेच. लाल कोळ्यांच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायला नराच्या जननेंद्रियाचा आकार बघतात, काचपट्टीवर घेऊन. ते काम बंगळूरच्या कृषी विद्यापीठात कोळ्यांवर काम करणारी मंडळी करतात. आपल्याला फवारणीपुरतं दहा पटीत भागतं.

मोबाइलला लावायची चिमट्याची भिंगं मिळतात, दीडशे-दोनशेला. वहिनींनी घेतलं होतं. फोटो बरा येतो, गटावर पाठवायला आणि सरांना दाखवायला उपयोगी. पण चिमटा सैल पडतो आणि पान धरायला हात उरत नाही. मी आता वेगळं भिंग घेत नाही, माझंच भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोटानं दाबून धरते. फोटो त्याच तोडीचा येतो.

जपणूक. गळ्यात दोरीनं अडकवा, खिशात ठेवलं की कात्रीसोबत घासतं. आम्ही बारीक कड्यात आधी मासे पकडायच्या नायलॉनचा धागा ओवला आणि त्याला नाडी बांधली. गंधकाची फवारणी केलेल्या हातानं काच पुसू नका, कण रेघा पाडतात. आधी फुंकर, मग धुतलेलं जुनं सुती कापड. मावळच्या पावसात काचेत बुरशी शिरते, कोळ्याच्या जाळीसारखीच दिसते, आणि एकदा आत गेली की निघत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमचं भिंग रात्री घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतं, बुटाच्या खोक्यातून निघालेल्या त्या पांढऱ्या दाण्यांच्या दोन पुड्यांबरोबर. मावशींचंही त्याच डब्यात असतं. त्यांच्यासाठी दिवाळीत दुसरं आणलं, त्याच दुकानातून, त्याच भावात.